चिमणी, मैना आणि रेडा

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या बरं, कारण ही गोष्ट बारीक आवाजाची आहे. लांब बसलात तर नुसते मोठे आवाज ऐकू येतील आणि ऐकायचा तो राहून जाईल. तीन बंदुकांची गोष्ट सांगतो. बंदूक म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालू नका. हिच्यात दारू नाही, काडतूस नाही. हवेची बंदूक ही. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगपुढे एक दट्ट्या. नळी सांध्यात मोडून खाली दुमडली की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो, आणि त्याच्यापुढे कोंडलेली हवा शिशाचा एवढासा छर्रा नळीतून फुंकून टाकते. फुंकणीच म्हणा ना! फुंकणारं फुप्फुस तेवढं पोलादाचं.

देवानं फुप्फुसं सगळ्यांनाच दिली, पण सगळ्यांना सारखी दिली का? एकाची हाक गल्लीच्या टोकाला जाते, एकाची उंबऱ्यापर्यंत. बंदुकांचंही तसंच. आमच्या नेमबाजी क्लबात तीन जातीच्या बंदुका झाल्या होत्या, आणि कारखान्यानं ठेवलेली त्यांची आकड्यांची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून लोकांनी आपली नावं ठेवली होती. सगळ्यात कमी जोराची ती चिमणी. मधली ती मैना. आणि नवीन आलेला, दोन्ही हातांनी जोर लावून वाकवावा असा, तो रेडा.

क्लब म्हणजे काय, तर बंद पडलेल्या छापखान्यामागचं एक लांबट गुदाम. जमिनीवर अजून यंत्रांच्या बोल्टांची भोकं. एका टोकाला पिवळ्या रंगाची रेषा, रेषेवर चार टेबलं. दुसऱ्या टोकाला लोखंडी फळी, फळीवर ओळीनं उभे केलेले लोखंडाचे गोल पत्रे, आणि त्यांच्या मागे छर्रे झेलायला एक जाडजूड पडदा. त्या पडद्यापासूनच खरी सुरुवात आहे, कारण तो शिवला होता आमच्या शिंपीणबाईंनी.

शिंपीणबाई गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. खाली शिवणाची खोली, वर त्यांच्या नणंदेची खोली. बाईंचे यजमान कामानिमित्त बाहेरगावी, सुटीपुरते यायचे. घर चालायचं ते या नणंद-भावजयींचं. एकदा जिन्यावरून घसरून बाईंचा डावा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर उठेना. सुईत दोरा ओवता येई, मशीन चालवता येई, पण वरच्या फळीवरचा डबा दोन्ही हातांनी काढायचा म्हणजे हाक मारायची. आणि हाक मारायच्या आत नणंद हजर. बाईंचे केस विंचरायचे तिनं, बटणं लावायची तिनं, पाठीला साबण तिनं. त्या नणंदेला सगळी गल्ली 'वन्सं' म्हणायची, कारण दिवसभर खालच्या खोलीतून तीच हाक ऐकू यायची.

वन्सं शाळेत कवायतीच्या बाई होत्या. आता निवृत्त. आवाज असा की शिट्टीची गरज नव्हती. क्लबाच्या सचिव त्याच. पडदा शिवायचं काम त्यांनीच वहिनीकडे आणलं, आणि पडदा टांगून झाल्यावर कुणीतरी सहज म्हणालं, "बाई, स्वतःचा पडदा स्वतः तपासून बघा की!" आणि चिमणी टेबलावर ठेवली.

बाईंनी दस्ता उजव्या मांडीवर टेकवला, उजव्या हातानं नळीचं टोक धरलं आणि खाली ओढलं. कट्. स्प्रिंग बसली. पाण्याची बादली उचलायला लागतो तेवढाच जोर. डाव्या हाताचं काम नुसतं खालून आधार द्यायचं, आणि तेवढं छातीच्या खालूनच होत होतं, कारण बाई खुर्चीत बसून कोपर टेबलावर टेकवत. छर्रा घातला, नळी सरळ केली, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी निशाणावर बसवली, श्वास सोडला.

टण्.

बाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं ते मी पाहिलंय. खांदा मोडल्यापासून पहिल्यांदा त्यांनी एक काम कुणालाही हाक न मारता सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्वतः केलं होतं. त्या रोज संध्याकाळी यायला लागल्या.

आणि क्लबाचा एक नियम त्यांना फार आवडला. लाल रंगानं भिंतीवर वन्संनी स्वतः लिहिलेला: 'रेषेवर बसलेल्याच्या बंदुकीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.' का लिहिला होता, तर एकदा कुणी दुसऱ्याची नळी मोडून द्यायला गेला, हात निसटला, नळी सपकन वर आली आणि नख काळंनिळं झालं. तेव्हापासून वन्संचा कायदा. कितीही ओळखीचा माणूस असो, बायको असो, भाऊ असो, ज्याची बंदूक त्यानंच भरायची. दुसरा नियमही त्याला जोडूनच होता. रेषेवर कुणाच्या हातात बंदूक असेपर्यंत कुणीही रेषेच्या पुढे जायचं नाही.

"अख्ख्या गावात ही एकच जागा आहे वन्सं," बाई एकदा हसून म्हणाल्या होत्या, "जिथं तुम्हाला मला मदत करायला बंदी आहे."

"माझाच नियम माझ्याच गळ्यात!" वन्सं म्हणाल्या, पण हसल्या.

सगळं ठीक चाललं होतं. मग रेडा आला.

रेडा आणला क्लबाच्या अध्यक्षांनी. ते दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नाही हो, पण दिवसभर लोकांना आ करायला लावून गप्प बसवता बसवता त्यांना संध्याकाळी आवाज हवा असायचा. त्यांनी रेडा झाडला तेव्हा गुदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. लोखंडी पत्रा नुसता पडला नाही, उडून पडद्यात गेला. मंडळी खूश. मग पत्रे वाकायला लागले म्हणून क्लबातल्याच वेल्डरनं नवीन, जाड पत्रे करून दिले. हे पत्रे रेड्यापुढे आडवे व्हायचे, मैनेपुढे जरा विचार करून आडवे व्हायचे. आणि चिमणीचा छर्रा लागला की नुसतं म्हणायचे, टण्. आणि उभे.

क्लबात पद्धत अशी होती की पडलं तरच धरायचं. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर ज्याचे जितके पडले तितके गुण. बाईंच्या नावापुढे शून्य लागायला लागलं.

"अहो, लागलं ना! ऐकलंत ना तुम्ही!"

"ऐकलं हो बाई," डॉक्टर म्हणायचे, "पण वाजणं वेगळं आणि पडणं वेगळं. दात दुखला म्हणून पडला असं होतं का?"

लोक हसायचे. बाईही हसायच्या, आणि परत नळी मोडायच्या.

आणि मग ठराव आला. एका दुकानदाराशी बोलणं झालं होतं. क्लबानं कमी पडणाऱ्या जुन्या बंदुका त्याला द्यायच्या, बदल्यात नवे रेडे घ्यायचे. कोणत्या जाती ठेवायच्या ते रविवारी सकाळी तिन्हींची तुलना करून ठरवायचं. अट साधी. जी बंदूक पाचही पत्रे पाडील ती राहील. जी पाडू शकणार नाही ती दुकानदाराच्या गाडीत जाईल.

बाईंना कळायचं ते कळलं. रेडा भरायला भरलेलं पोतं ओढावं इतका जोर, तोही दोन्ही हातांचा. मैनेची स्प्रिंग त्यांनी एकदा दाबून पाहिली होती. अर्ध्यावर जोर संपला आणि नळी परत सुटता सुटता राहिली. चिमणी गेली की बाईंची जागा गेली.

शनिवारी वन्सं खाली आल्या त्या माप द्यायला. रेडा झाडला की खांद्यात लाथ मारतो, म्हणून मंडळींनी जाकिटांच्या खांद्यावर गादी शिवून मागितली होती, आणि शिवणार कोण, तर बाईच! बाईंच्या ओठांत टाचण्या, गळ्यात टेप.

"हात वर करा वन्सं."

वन्संनी हात वर केला. बाईंनी माप घेतलं आणि टाचण्यांमधूनच म्हणाल्या, "छान उठतो हो तुमचा हात."

"वहिनी, टोमणे नकोत."

"टोमणा कसला? माप घेतेय. काखेत जरा सैल ठेवू? उद्या माझी बंदूक गाडीत घालताना वाकावं लागेल तुम्हाला."

वन्संनी जाकीट अंगातून ओरबाडून काढलं. "अगं, एवढं काय झालंय? रेडा मी रेषेबाहेर भरून देईन तुला! रोज देईन! मी आहे ना?"

बाईंनी ओठांतली एकेक टाचणी काढून गादीत खोचली. मग म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणूनच तर!"

"म्हणजे?"

"म्हणजे माझे केस तुम्ही विंचरता. भांडं तुम्ही उतरवता. माझं अंथरूण तुम्ही झटकता. मी काही म्हटलं का? देवानं मला वन्सं दिल्या की आणखी काही, असं रोज म्हणते मी दिवा लावताना. पण दुसऱ्याच्या ओंजळीनं किती पाणी प्यायचं? एक घोट तरी माझ्या हातानं पिऊ द्या."

"आणि नियमाचं काय? अट सगळ्यांना सारखी आहे. तू माझी भावजय म्हणून तुला वेगळी लावू?"

"मी कुठं म्हणतेय वेगळी लावा?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमचा नियम सोडू नका. मी माझी चिमणी सोडत नाही. बघू."

"हट्टी आहेस."

"कवायतीच्या बाईंच्या घरात राहते. वाण नाही पण गुण लागणारच."

वन्सं जिना चढून गेल्या त्या पायऱ्या आपटतच.

रविवारी दुकानदार आला. त्यानं वेग मोजायचं यंत्र आणलं होतं. दोन कमानी, छर्रा त्यांच्यामधून गेला की आकडा दिसतो. आधी त्यानं रेडा घेतला आणि खिशातली वेगळीच डबी काढली. झाडला. आकडा सेकंदाला तीनशे मीटरच्याही वर. डॉक्टरांनी टाळी वाजवली. "बघा! बळी तो कान पिळी!"

वन्सं उठल्या. "तो छर्रा दाखवा."

दुकानदारानं दाखवला. पिसासारखा हलका, शिशाचा नाहीच.

"हलका दगड कोणीही जोरात फेकील. क्लबाच्या डबीतला छर्रा घाला. तिन्हींना एकच."

दुकानदार हसत म्हणाला, "तुम्ही फार कडक आहात बाई."

"वजन सारखं असलं तरच तुलना. नाहीतर ती जाहिरात."

असा वन्संचा स्वभाव. मागे बसलेल्या शिंपीणबाईंनी मान हलवली, म्हणजे शाबास म्हणाल्या, भांडण असूनही. एकाच छर्ऱ्यावर मोजलं तेव्हा रेड्याचे आकडे खाली आले, तरी पावणेतीनशेच्या पुढे. जोर वीस ज्यूल. मैना दोनशे दहा, अकरा ज्यूल. चिमणी दीडशे, जेमतेम सहा ज्यूल. रेडा चिमणीच्या तिपटीहून जास्त.

आता रेडा एवढा दांडगा, पण त्याचं एक आहे. स्प्रिंग सुटते तेव्हा आधी बंदूक मागे उसळते, दट्ट्या टोकाला आपटला की पुढे, आणि हे सगळं छर्रा अजून नळीतच असताना. जितका जोर जास्त तितकी उसळी जास्त. घट्ट आवळून धरलात तर आणखी बिथरतो. मंडळींनी आळीपाळीनं रेडा झाडला. कुणाचा छर्रा पत्र्याच्या वरच्या कडेला, कुणाचा खालच्या, कुणाचा फळीवर, एकाचा तर दिव्याच्या दांड्याला. पण कडेला लागला तरी पत्रा आडवा! आडवा झाला की जल्लोष. पाची पडले की बंदूक खाली ठेवायची, मग वेल्डर पुढे जाऊन पत्रे उभे करायचा, मग पुढचा गडी. मैनेनंही पाची पाडले, कण्हत कुंथत.

"आता चिमणी," वन्सं म्हणाल्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"ती मी," बाई म्हणाल्या.

"कशाला उगीच बाई?" डॉक्टर म्हणाले. "निकाल काय तो ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्यांना विचारू या."

बाई रेषेवर येऊन बसल्या. डबी उघडून ठेवली. दस्ता मांडीवर, नळी खाली. कट्. कोपर टेबलावर. आणि मग टण्, टण्, टण्, टण्, टण्. पाची पत्र्यांच्या बरोबर पोटात. पाची उभे.

"शून्य," कुणीतरी म्हणालं. वेल्डर खाली बघत होता. पत्रे त्याचे होते.

"झालं तर!" डॉक्टरांनी हात झटकले. "चिमण्या गाडीत. बाई, द्या ती."

बाईंनी नळी मोडली. कट्. छर्रा घातला. टण्.

"बाई?"

"बसलेय ना मी रेषेवर."

"अहो पण तुलना संपली!"

"तुमची संपली. माझं खेळणं कुठं संपलंय?" टण्.

डॉक्टर पुढे सरसावले. बाईंनी मान वळवली नाही, नुसतं म्हणाल्या, "भिंत वाचा डॉक्टर."

सगळ्यांनी भिंत वाचली. लाल अक्षरं. 'रेषेवर बसलेल्याच्या बंदुकीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.' डॉक्टरांचा हात हवेतच राहिला, दाढ काढायला वाकावं आणि पेशंटनं तोंड मिटावं तसा.

"मग ठेवतील खाली कधीतरी," दुकानदार हळूच म्हणाला. "पत्रे उभे करायला पुढं जायचं तर ठेवावीच लागते ना? नियमच आहे."

आणि मग मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. पत्रे उभे करायचे केव्हा? पडले तर. चिमणीनं पडतोय कोण! पाची पत्रे तसेच्या तसे उभे. पुढे जायचं कुणाला काही कारणच नाही. जी उणीव म्हणून चिमणीला हाकलायला निघाले होते, तिच्याच जोरावर ती रेषेवर ठाण मांडून बसली होती. ऐका मंडळी, दुबळ्याचं दुबळेपण हेही कधी कधी त्याचं चिलखत असतं. मागणारा दमतो, सोसणारा दमत नाही.

टण्.

"हा काय पोरखेळ आहे!" डॉक्टर सचिवांकडे वळले. "तुमची भावजय आहे. सांगा तिला."

वन्संचं तोंड लाल झालं होतं. त्या रेषेपर्यंत गेल्या, बाईंच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "वहिनी, ऊठ. शोभा होतेय."

"कुणाची?"

"आपली!"

"माझी नाही होत. मला कंटाळा आला की उठेन."

"केव्हा येईल कंटाळा?"

"तुम्हाला माझे केस विंचरायचा आला का कधी?"

वन्सं परत बाकाकडे गेल्या. टण्.

"क्लबाची मालमत्ता आहे ती," डॉक्टर ओरडले.

"आहेच," बाई म्हणाल्या. "मी कुठं घरी नेतेय? क्लबातच वाजवतेय. तुमचा रेडा घ्या, दहा घ्या, शिंगं रंगवा त्यांची, मला काय त्याचं? त्यांच्या खांद्याच्या गाद्याही मीच शिवल्यात. मला एक चिमणी ठेवा, बस्स. लोखंडाला एवढं वाजवायला सहा ज्यूल पुरतात. पाडायचं कशाला दरवेळी? मी पाडायला येत नाही इथं."

"मग कशाला येता?"

बाईंनी नळी मोडली. हात आता दुखत असणार, कारण मोडण्याआधी त्या जरा थांबल्या. पण मोडली. कट्. "हे करायला," त्या म्हणाल्या.

लोक बाकावर बसले. दुकानदारानं घड्याळ पाहिलं, बाहेर जाऊन गाडीचा मागचा दरवाजा उघडून ठेवला, परत आला. रेडा भिंतीला टेकून उभा. त्याला झाडता येईना, कारण पत्रे पाडले की उभे करायला पुढे जायचं, आणि बाई तर बंदूक घेऊन रेषेवर. हळूहळू बोलणं बंद पडलं. गुदामात एकच आवाज उरला. एरवी रेड्याच्या दणक्यात तो ऐकूही येत नसे. आता कळलं की पाची पत्र्यांचे पाच सूर होते. डावीकडचा जरा जाड, शेवटचा अगदी पातळ. बाई सरळ ओळीनं वाजवत नव्हत्या. कधी पहिला, कधी चौथा, परत पहिला. भजनात टाळ धरणाऱ्याला जशी जागा सापडते तशी त्यांना सापडली होती. वेल्डर पुटपुटला, "हे असं वाजतात मला माहीतच नव्हतं. करणारा मी!"

डॉक्टर मात्र डबीकडे बघत होते. शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "राहू द्या. कुणी काही बोलू नका. डबी संपत आलीय. संपली की आपोआप उठतील."

खरंच संपत आली होती. बाईंची बोटं डबीत गेली की आता तळाचा पत्रा खरवडल्याचा आवाज येत होता. बाईंनाही दिसत होतंच. पण त्यांनी घाई केली नाही आणि लांबवलंही नाही. तेवढ्याच सावकाशीनं मोडलं, भरलं, श्वास सोडला. टण्. बोटांनी डबीत चाचपलं. एक उरला होता. तो उचलला. नळीत घातला. नळी सरळ केली.

आणि झाडलाच नाही. भरलेली बंदूक तशीच हातात धरून बसल्या, निशाणाकडे बघत. ओठ हलत होते. देवाला काही सांगत होत्या की शिव्या देत होत्या, कुणास ठाऊक. दोन्ही असेल. देवाला दोन्ही चालतं.

डॉक्टर म्हणाले, "झाडा की बाई. शेवटचा आहे."

"भरून ठेवू नये फार वेळ, स्प्रिंग थकते," दुकानदार म्हणाला.

"स्प्रिंग थकेल. मी नाही," बाई म्हणाल्या, आणि झाडला. टण्. सगळ्यात पातळ सूर.

बाईंनी डबी पालथी केली. काही पडलं नाही.

मग पावलं वाजली. कवायतीची पावलं, टाच आपटणारी. वन्सं रेषेकडे नव्हत्या निघाल्या. त्या मागच्या कपाटाकडे गेल्या. त्यांनी वरच्या, सगळ्यात वरच्या फळीवर हात घातला, जिथं शिंपीणबाईंचा डावा हात या जन्मात पोचणार नव्हता, आणि छर्ऱ्यांची नवी कोरी डबी काढली. सील नखानं फोडलं. आल्या, आणि डबी बाईंच्या उजव्या हाताशी टेबलावर ठेवली. ठक्.

"सचिवबाई!" डॉक्टर उठून उभे राहिले. "हे काय?"

"बंदुकीला हात लावला मी?" वन्संनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग नियम मोडलेला नाही." त्या वळल्या. आवाज शाळेच्या मैदानावरचा. "अट मी वाचून दाखवली, मान्य. पाची पडले नाहीत, मान्य. चिमण्या गाडीत जातील, तेही मान्य. पण जी रेषेवर आहे तिला उठेपर्यंत कुणी हात लावणार नाही. आज नाही, उद्या नाही. नियम माझ्या हातचा आहे आणि त्याचा लाल रंग अजून ओला आहे असं समजा. दुकानदार, एक चिमणी कमी मोजा."

"आणि मी विरोध केला तर?" डॉक्टर म्हणाले.

"करा. माझ्या कपाटात डब्या पुष्कळ आहेत."

बाईंनी वर पाहिलं नाही. नवी डबी उजव्या हातानं जवळ ओढली. पण नळी मोडताना हात इतका थरथरत होता की पहिल्यांदा जमलं नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वन्संचे दोन्ही हात आपोआप पुढे आले होते, आणि मी तुम्हाला सांगतो, त्या बाईनं आयुष्यात केलेली सगळ्यात अवघड कवायत ती. तिनं ते हात मागे नेले, पाठीशी एकात एक घट्ट धरले, आणि उभी राहिली. विश्राम!

दुसऱ्यांदा जमलं. कट्.

टण्.

दुकानदाराची गाडी गेली तेव्हा तिच्यात एक चिमणी कमी होती. रेडे आले. कबुतरांनी गुदाम सोडलं. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. डॉक्टर अजूनही म्हणतात पडलं तरच धरायचं, आणि काळ्या फळ्यावर शिंपीणबाईंच्या नावापुढे अजूनही शून्यच लागतं. त्या येताना ते वाचतात, मान डोलावतात आणि जाऊन बसतात. वेल्डरनं एकदा हळूच विचारलं, एक पत्रा पातळ करून देऊ का. बाई म्हणाल्या, "हात तोडीन. त्याचा सूर जाईल." घरी केस अजून वन्संच विंचरतात, आणि विंचरताना दोघी भांडतात. ते भांडण खालच्या गल्लीपर्यंत ऐकू येतं.

तर मंडळी, उठायच्या आधी एक मागणं आहे. शिंपीणबाईंची आठवण ठेवा असं सांगायला नको. ती आपली आठवण स्वतः करून देते, रोज संध्याकाळी, लोखंडावर. तुम्ही वन्संना ध्यानात ठेवा. तुमच्या घरात कुणी थरथरत्या हातानं आपलं काम आपण करू बघत असेल आणि तुमचे धडधाकट हात पुढे यायला लागले, तर क्षणभर ती बाई आठवा, डबी शेजारी ठेवून दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून उभी राहिलेली.